आबांचं जाळीचं कपाट

आबांच्या घरी संडास घासायचा तर आधी परवानगी काढावी लागे. मी ब्रश हातात घेऊन अंगणात उभी राहायची आणि म्हणायची, ॲसिड हवंय. आबा हातातलं काम खाली ठेवायचे, माझ्याकडे पाठ करायचे, सदऱ्याखाली हात घालून करदोड्याला बांधलेली किल्ली सोडायचे, स्टुलावर चढायचे आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर उंच ठोकलेल्या कपाटाचं कुलूप काढायचे. मी आत घासत असेपर्यंत ते दाराबाहेर उभे. काम संपलं की बाटली त्यांच्या हातात. टोपण घट्ट बसलंय का ते दोनदा बघणार, मला हात धुवायला लावणार, आणि मग पुन्हा स्टूल, पुन्हा कुलूप, पुन्हा पाठ, पुन्हा करदोडा.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि लोणावळ्यात एका लॅबमध्ये लोकांच्या रक्ता-लघवीच्या तपासण्या करत होते. दिवसभर माझ्या आजूबाजूला रसायनांच्याच बाटल्या. अशा मुलीवर सातवी शिकलेल्या म्हाताऱ्यानं संडासाबाहेर पहारा ठेवावा, याचा मला भयंकर राग यायचा. मी तसं बोलूनही दाखवलं. आबा शांतपणे म्हणाले, "तुला समदं म्हाईत हाय, म्हनून तर भ्या वाटतं."

लोणावळ्याजवळच्या औंढ्यात आबांच्या घरातली ही भाड्याची खोली मला लॅबमधल्या एका बाईंनी सुचवली होती. लग्न कधी करणार, घरी किती वाजता येणार, मटण शिजवणार का, यातलं आबांनी काहीही विचारलं नाही. फरशी कशानं पुसतेस, एवढंच विचारलं. मग माझी पिशवी उघडायला लावली आणि तिच्यातून टॉयलेट क्लीनर, डांबराच्या गोळ्या, डास पळवायच्या औषधाची बाटली आणि नेलपॉलिश रिमूव्हर असा सगळा ऐवज जप्त केला. डासांचं औषध रोज संध्याकाळी उसनं मिळायचं, सकाळी परत करावं लागायचं. पुढची दोन वर्षं मी नखांचा रंग उतरवला तो आबांच्या देखरेखीखाली, अंगणाच्या मधोमध बसून, कारण त्या बाटलीला काडी लागली तर भडकेल असं त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. ते खरंच होतं, ही आणखी चिडायची गोष्ट.

ही सगळी शिस्त कुणासाठी आहे, ते शेजारच्या मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आबांना एक नात होती, मनू. तीन वर्षांची असताना ती याच अंगणात सरबताची बाटली समजून ॲसिड प्यायली होती. पोर वाचली. पण त्यानंतर सून तिला घेऊन तळेगावला राहायला गेली, मुलाची कंपनी तिथेच होती. सणासुदीला आणि गावच्या जत्रेला तिघं यायचे आणि दिवस मावळायच्या आत निघून जायचे. तेव्हापासून मनू या घरात एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. आबांना तिचा तो एक मुक्काम हवा होता. बाकी त्यांचं जगाकडे काही मागणं नव्हतं.

कपाट मुळात दूधदुभत्याचं. म्हशी होत्या तेव्हा माजघरात असायचं, दह्यालोण्याला मुंग्या आणि मांजर लागू नये म्हणून जाळी लावलेलं. म्हशी गेल्या, आबांच्या घरातल्या आजी गेल्या, कपाट रिकामं झालं. आबांनी ते बाहेर आणून छपराखाली ठोकलं. जाळीतून हवा खेळते म्हणून वास कोंडत नाही, चूल आणि गॅस लांब, ऊन नाही, पाऊस नाही, आणि पोराचा हात पोचत नाही. मी हे आज एका दमात सांगतेय, पण आबांनी यातली एकेक गोष्ट स्वतःच्या डोक्यानं, चुकतमाकत शोधली होती. आत मधोमध त्यांनी एक फळी घातली होती. फळीच्या एका अंगाला ॲसिड, दुसऱ्या अंगाला ब्लीचिंग पावडर. त्या दोघी जावा आहेत, एका चुलीवर चालायच्या नाहीत, असं ते म्हणायचे. बायकांचं भांडण झालं की गावात हेच वाक्य उलटं वापरायची पद्धत पडली होती. अमकीच्या घरात फळी घाला, असं लोक म्हणायचे.

मी बारामतीकडची, कोरड्या मुलखातली. ओल काय असते ते मला औंढ्यानं शिकवलं. चार महिने चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, देवाच्या फोटोला बुरशी. बाटल्यांवरची लेबलं श्रावणापर्यंत सुटून खाली पडायची. त्यांच्यावरचं इंग्रजी आबांना तसंही वाचता येत नव्हतं. मग त्यांनी काय करावं? बैल विकले तेव्हा घुंगुरमाळ मागे राहिली होती. ती त्यांनी सोडवली आणि जी जी बाटली जिवाला धोक्याची, तिच्या मानेला एकेक घुंगरू बांधलं. डोळे मिटून जरी हात लावला तरी ती बोलली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. सकाळी आठ वाजता आमच्या घरातून छनछन ऐकू आली की रस्त्यावरून जाणारं कुणीतरी विचारायचं, काय आबा, बेंदूर का? आबा म्हणायचे, संडास.

सोमवारी सकाळी ते गोणी आणि कोयता घेऊन बाहेर पडायचे. शनिवार-रविवारी लोणावळ्याला आलेली माणसं वाटेत बाटल्या टाकून जातात, पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या. आबा वाकून एकेक उचलायचे आणि कोयत्यानं तिची मान उडवायचे. गोणी भरली की भंगारवाल्याकडे. नव्या माणसाला वाटायचं म्हातारा भ्रमिष्ट आहे. एका गाडीवाल्यानं तर काच वर करून गाडी पळवली होती. मी विचारलं, मान कशाला उडवायची, तशाच द्या की. तर म्हणाले, "मान न्हाई तर कुनी भरनार न्हाई."

कुणाच्या घरी चहाला बोलावलं तरी आबा आधी मोरीत डोकावायचे. पाण्याच्या बाटलीत फिनेल दिसलं की संपला कारभार. ते ओतून बाटली फोडेपर्यंत उंबऱ्यातून उठायचे नाहीत, चहा निवला तरी चालेल. त्यांचा एकच मंत्र होता: ज्या बाटलीत आलं त्याच बाटलीत राहील, त्याच बाटलीत सरेल. ते लांबून येताना दिसले की बायका मोरीतल्या बाटल्या पदराखाली घ्यायच्या. हसायच्याही. पण हळूहळू त्या वस्तीत मोरीतल्या बाटल्या फळीवर चढल्या, हेही मी पाहिलं.

आता माझी फजिती सांगते, सांगायलाच हवी. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीघरात शेवाळ धरलं आणि मी दोनदा घसरून पडले. आबांकडून ॲसिड मागून घेतलं, नेहमीसारखं. पण त्यानं भागत नव्हतं आणि आबा दोन्ही एकदम देणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून आदल्या दिवशी दुकानातून पावशेर ब्लीचिंग पावडर आणून गुपचूप कॉटखाली ठेवली होती. आबांच्या नकळत मी ती शेवाळावर पसरली आणि वरून ॲसिड ओतलं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की कोणता वायू निघतो त्याचं समीकरण मला पाठ होतं. परीक्षेत पाच मार्कांना आलं होतं, आणि मी पाचपैकी पाच मिळवले होते.

पिवळसर धूर आला आणि घशात कुणी निखारा कोंबावा तसं झालं. डोळे उघडेनात, कडी सापडेना. दाराबाहेर आबा होते, नेहमीसारखे उभे. त्यांनी खोकला ऐकला, वास आला, आणि त्या सत्तरीच्या माणसानं लाथ मारून दार पाडलं. मला दंडाला धरून ओढत अंगणाच्या टोकाला नेलं, वाऱ्याच्या तोंडाला बसवलं. शेजारच्या मावशी पाणी टाकायला आत धावल्या तर त्यांच्यावर ओरडून त्यांना मागे फिरवलं. रिक्षातून लोणावळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. दवाखान्यात मला वाफ दिली, दोन तास बसवून ठेवलं. मी रागावून घ्यायची तयारी करून बसले होते. ते दर थोड्या वेळानं उठून माझ्यासाठी पाण्याचा पेला भरून आणत राहिले. 

परतीच्या वाटेवर त्यांनी मला मनूचं सगळं सांगितलं.

ते तेव्हा एका बंगल्यावर राखणदार होते. मालक मुंबईचे. साफसफाईचं सामान मोठ्या कॅनमधून यायचं आणि हंगाम संपला की उरलेलं ते आबांना देऊन टाकायचे. आबा ते एकट्यासाठी कधी ठेवत नसत. पाहुण्यांनी टाकलेल्या रिकाम्या बाटल्या धुऊन घ्यायचे, त्यात थोडं थोडं भरायचे आणि शेजारीपाजारी वाटायचे. घरात गोडधोड आलं की वाटतात, तसं. त्या वर्षी पिवळं ॲसिड होतं. लिंबाचं चित्र असलेल्या बाटल्यांत त्यांनी ते भरलं, तीन शेजाऱ्यांना, एक घरात. घरातली बाटली मीच धुण्याच्या दगडावर ठेवली, असं ते म्हणाले. मनूला ते लिंबाचं चित्र ओळखीचं होतं.

पुढचं सांगताना ते थांबत थांबत बोलले. पोर किंचाळली, तोंडातून फेस. कुणीतरी म्हणालं, विष पोटात गेलंय, मिठाचं पाणी पाजून ओकवा. आबांनी तेच केलं. पाजलं आणि ओकवलं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, जाताना जळालं होतं, येताना पुन्हा जळालं. वर त्यांनी विचारलं, बाटली कुठाय, नेमकं काय होतं त्यात? बाटली आबांनी रागानं ओढ्यात भिरकावली होती.

"वकवायचं नस्तं पोरी," ते म्हणाले. "तोंड पान्यानं धुवायचं, बाटली घ्यायची आनि दवाखाना गाठायचा. एवढंच. एवढं मला कुनी सांगितलं न्हवतं."

मी रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे. त्या दिवसापासून परवानगी मागायला मला लाज वाटली नाही. ब्लीचिंग पावडरची उरलेली पुडी मी आपण होऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फळीच्या पलीकडे ठेवली आणि न्हाणीघराचं पडलेलं दार पुन्हा बसवलंच नाही. नुसता पडदा राहिला. माझ्या अब्रूचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, अब्रूला श्वास लागतो.

मनू वर्षातून तीन-चारदा दिसायची. घोगऱ्या आवाजाची, चुणचुणीत, आबांच्या मिशा ओढणारी पोर. सून मात्र तिचा हात सोडायची नाही. पाण्याची बाटली घरून आणायची, डबा घरून आणायची. ती येणार असली की आबा आदल्या दिवशी कपाट ओल्या फडक्यानं पुसायचे, कुलपाला तेल द्यायचे. तिनं एकदा त्या कपाटाकडे बघावं, काय काय केलंय ते बघावं, एवढ्यासाठी ते तिला काही ना काही निमित्त काढून न्हाणीघराकडे पाठवायचे. ती मान खाली घालून जायची, मान खाली घालून यायची. गाडी गेली की आबा म्हणायचे, "अजून कायतरी ऱ्हायलंय. तिच्या मनास न्हाई आलं." आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक कोयंडा बसवायचे. मला त्या बाईचा मनस्वी राग यायचा.

माझ्या तिथल्या शेवटच्या चैत्रात जत्रेला तिघं आले. मनू सात वर्षांची झाली होती. दुपारी सून माझ्या खोलीत साडी बदलायला आली. आबांनी तिच्यापुढे तांब्या धरला होता आणि तिनं तो परत केला होता, ते मी नुकतंच पाहिलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई सांगत आली आहे. मी बोलले. एका माणसाच्या हातून एक चूक झाली, त्याला किती वर्षं शिक्षा देणार, असं बोलले. ते कपाट बघा एकदा, म्हटलं, तो माणूस रोज तुमच्यासाठी परीक्षेला बसतो आणि तुम्ही पेपरही उघडत नाही.

ती खिडकीतून मनूवर नजर ठेवून उभी होती. ती वळली नाही. तशीच म्हणाली, "बाटली आबांनी वर फळीवर ठेवली व्हती. खाली मी आनली."

मला आधी कळलंच नाही.

मग तिनं सांगितलं, हळू आवाजात, निऱ्या हातात तशाच धरून. तिनं बाटली घेतली, न्हाणीघर घासलं, धुण्याच्या दगडावर ठेवली आणि कपडे वाळत घालायला परसात गेली. दवाखान्यात नवरा कुणी ठेवली, कुणी ठेवली म्हणून ओरडत होता. ती तोंड उघडणार तोच आबा म्हणाले, मी ठेवली. नवरा वर्षभर बापाशी बोलला नाही. पहिल्या दिवशी तिला सांगता आलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याहून अवघड झालं, आणि मग ते राहूनच गेलं. "हितं आलं की ते माज्याकडं मायेनं बघत्यात," ती म्हणाली. "एक शबुद बोलत न्हाईत. त्यांच्या हातचं पानी मला गिळवत न्हाई, ताई. पोरीला हितं ठेवून झोपू कशी? मलाच माजा भरवसा न्हाई."

मी दोन वर्षं त्या बाईवर रागावले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे आत्ता बोलले होते. मी तिला एवढंच सांगितलं की आबांना वाटतं तुमचा त्यांच्यावर भरवसा नाही. त्यांना वाटतं कपाटात अजून काहीतरी कमी आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. दोघं एकमेकांना सांभाळत होते, आणि त्या सांभाळण्यापायी घर रिकामं पडलं होतं.

ती साडी अर्धवट खोचूनच बाहेर गेली. ओट्यावर आबा होते, मनू होती, आणि आबांचा मुलगा गाडीला फडकं मारत होता. ती आबांसमोर उभी राहिली आणि मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या दिवशी बाटली मी ठेवली व्हती खाली. आबांनी न्हाई."

मुलाच्या हातातलं फडकं थांबलं. आबा रागावले. मी त्यांना एवढं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"भरली कुनी?" ते म्हणाले.

"भरली तुमी. ठेवली मी."

"मंग मिठाचं पानी कुनी पाजलं? तू पाजलंस? आलीया मोठी वाटा मागाया."

ती रडत होती, पण मागे हटली नाही. म्हणाली, निम्मा वाटा माझा आहे, तो मला द्या, मला तो इतकी वर्षं मिळालेला नाही.  मुलगा फडकं हातात घेऊनच आला आणि बापाच्या शेजारी पायरीवर बसला. अगदी टेकून बसला. मनूनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, आपण पाळण्यात बसायला जाणार आहोत ना?

जत्रेतून परत आल्यावर सून म्हणाली, "आबा, मनू ऱ्हाऊ द्या आज. उद्या सांच्याला ह्ये येऊन नेत्याल."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आल्यावर माणसाचं काय होतं, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. आबांनी आधी कपाटाकडे पाहिलं. ते म्हणाले, "आजच? आज माजी तयारी न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तू कुटं जानार न्हाईस ना?" मी म्हटलं, नाही.

निघताना सुनेनं एकच गोष्ट सांगितली. घास लहान करून द्या, तिला गिळायला वेळ लागतो, घाई केली की ठसका लागतो. ते तिनं आबांना दोनदा सांगितलं, मग खाली वाकून पाया पडली आणि तांब्यातलं पाणी पिऊन गाडीवर बसली.

दिवेलागणीला आबांनी दुधात भाकरी कुस्करली. इतकी बारीक की दाण्याएवढाही तुकडा राहू नये. मनू पाटावर मांडी घालून बसली आणि एकेक घास तोंडात घोळवत, डोळे मिटून, हळूहळू गिळत राहिली. मधेच शाळेतलं काही सांगायची, मग पुन्हा थांबायची. आबा पुढचा घास बोटांत धरून तिच्या गळ्याकडे बघत बसले होते. तो हलला की त्यांचाही गळा हलायचा. त्यांचं स्वतःचं ताट बाजूला तसंच होतं. मी म्हटलं, आबा, तुम्हीही जेवून घ्या, हिला तासभर लागेल.

"लागू दे की," आबा म्हणाले. "आमाला कुटं जायचंय."